वंदन गुणांना की झेंड्याला?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

 

जैन घरातील मूल शाळेत जाण्याआधी णमोकार महामंत्र म्हणावयास शिकते. त्या मंत्राची एक विशेषता मात्र पुष्कळांच्या ध्यानी उतारवयापर्यंत येत नाही. त्यात कोणाही व्यक्तीचे नाव नाही. ऋषभदेवांचे नाही, पार्श्वनाथांचे नाही, ज्यांचे शासन आज चालू आहे त्या महावीर स्वामींचेही नाही. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू अशी ही पाच पदे आहेत, आणि प्रत्येक पद गुणांनी प्राप्त होते. पाचव्या पदात तर लोकातील सर्व साधूंना नमस्कार आहे. अमुक गच्छाच्या, अमुक संघाच्या, अमुक प्रांताच्या साधूंना, अशी अट तेथे घातलेली नाही.

आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसा’ या ग्रंथात याच्याही पुढचे पाऊल टाकले. प्रत्यक्ष जिनेश्वरांना उद्देशून ते म्हणतात की, देवांचे येणे, आकाशातून गमन, चवऱ्या ढाळल्या जाणे ही वैभवे तर मायावी गारुड्यांपाशीही दिसतात. एवढ्यावरून आपण आम्हांस महान ठरत नाही. मग महान कशाने, याची चिकित्सा पुढे संपूर्ण ग्रंथभर चालते. भक्ताने आपल्याच आराध्याची परीक्षा घ्यावी आणि ती परीक्षा हीच स्तुती व्हावी, असा प्रकार जगाच्या धर्मवाङ्मयात विरळाच. समंतभद्र दिगंबर परंपरेचे. श्वेतांबर परंपरेत आचार्य हरिभद्रसूरींनीही हेच सांगितले. वीराचा पक्षपात नाही, कपिलादिकांचा द्वेष नाही. ज्याचे वचन युक्तीला धरून असेल त्याचा स्वीकार करावा, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ. कापड घेताना शहाणे गिऱ्हाईक ताग्यावरचा गिरणीचा शिक्का पाहते, पण तेवढ्यावर थांबत नाही. ते एक धागा ओढते, पोत बोटांत चुरगाळते, पन्हा मोजते, रंग पक्का आहे का विचारते. पाचशे रुपयांच्या कापडाला जी चौकशी लागते, ती मनुष्याने आपले हृदय कोठे वाहावे हे ठरविताना लागू नये, हे आश्चर्य आहे.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या औद्योगिक पट्ट्यात हृदय वाहण्याच्या जागा पुष्कळ आहेत. कारखान्याची पाळी सुटली की कोणी क्रिकेटच्या सामन्याकडे धावतो, कोणी बैलगाडा घाटाकडे, कोणी मंडळाच्या ढोलपथकाकडे. हे सर्व वाईट, असा निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण तो निकालही शिक्का पाहूनच दिलेला ठरेल. म्हणून धागा ओढून पाहू या.

द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे २०१२ पासून महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे भव्य मैदान उभे आहे. त्याचे घरचे संघ कोणते, हा प्रश्न आज विचारला तर उत्तर देणे कठीण जाते. २०१० साली सहारा समूहाने सुमारे ३७ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळचे १,७०० कोटी रुपये मोजून ‘पुणे वॉरियर्स’ हा आयपीएलचा संघ विकत घेतला. मालक लखनौचा. २०१२ साली कर्णधार सौरव गांगुली, कोलकात्याचे. ५ मे २०१२ रोजी हा संघ ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध उतरला, तेव्हा शहराचा संघ की शहराचा ‘दादा’, या पेचात तेथील प्रेक्षकांचे दोन तट पडले. २०१३ च्या मे महिन्यात मालकांनी अंग काढून घेतले आणि तीन हंगामांतच संघ इतिहासजमा झाला. पुढे चेन्नई व राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आली, त्या रिकाम्या जागी २०१६ साली ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ आला. हा संघ दोनच वर्षांचा आहे, हे पहिल्या दिवसापासून जाहीर होते. मालक कोलकात्याचे, पहिल्या वर्षी कर्णधार रांचीचे महेंद्रसिंह धोनी, दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ. २१ मे २०१७ रोजी हैदराबादेत हा संघ अंतिम सामना मुंबईकडून एका धावेने हरला आणि या परिसरातील कित्येक घरांत त्या रात्री जेवणे झाली नाहीत. त्यानंतर तो संघही विसर्जित झाला. २०१८ साली कावेरीच्या पाणीवादामुळे चेन्नईचे सामने गहुंज्यास आले. संघाच्या चाहत्यांना घेऊन चेन्नईहून खास आगगाडी आली, आणि दोन वर्षांपूर्वी ज्या मैदानात ‘पुणे, पुणे’ असा घोष होत होता तेथे चोहीकडे पिवळा रंग पसरला. जुन्या दोन संघांच्या जर्सी तोवर गाडी पुसण्याच्या कामी लागल्या होत्या.

यात भक्तीचा विषय नेमका कोणता होता? खेळाडू लिलावात घेतलेले, मालक परगावचे, मुदत ठरलेली. उरले ते ‘पुणे’ हे नाव. शिक्का होता, त्याखाली तागा नव्हता. आणि त्या शिक्क्यासाठी पाणीही लागत होते. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. २०१८ मध्ये गहुंज्याच्या मैदानासाठी पवनेचे पाणी वापरण्यासही न्यायालयाने मनाई केली. ज्या धर्मात पाण्याच्या थेंबातही अपकाय जीव मानून पाणी गाळून आणि मोजून वापरण्याची शिकवण आहे, त्या धर्माच्या श्रावकांपैकी कितींनी न्यायालयाच्या आधी हा प्रश्न विचारला होता?

याचा अर्थ खेळ त्याज्य आहे असा नाही. तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या आहेत. त्यांतील प्रमोद म्हणजे गुणाधिकाला पाहून होणारा निर्मळ आनंद. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारत पाकिस्तानकडून अवघ्या १२ धावांनी हरला. सचिन तेंडुलकरांची १३६ धावांची झुंज वाया गेली. लोकांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि तरी ते सर्व प्रेक्षक उभे राहिले व पाकिस्तानच्या संघाने मैदानास फेरी मारली तेव्हा त्यांनी टाळ्यांचा गजर केला. प्रतिस्पर्ध्याच्या गुणाला दिलेली ती मानवंदना होती. त्या दुपारी चेपॉकवर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी ‘प्रमोद भावना’ हे शब्द ऐकलेही नसतील. आचरण मात्र घडले. अशा प्रेक्षकाला खेळ काही देऊन जातो.

दुसरे टोकही पाहावे लागते. मार्च २०२४ मध्ये मुंबई आणि हैदराबाद यांचा सामना चालू असताना, कोल्हापूरजवळच्या एका गावात साठी उलटलेल्या एका गृहस्थाने मुंबईचा फलंदाज बाद झाल्यावर मुंबईच्या चाहत्यांना डिवचले. ते चेन्नईचे चाहते होते. चेन्नईचा संघ त्या दिवशी त्या मैदानात खेळतही नव्हता. संतापाच्या भरात झालेल्या मारहाणीत ते गृहस्थ गंभीर जखमी झाले आणि पुढे त्यांचे निधन झाले. मारणारे परके नव्हते, एकाच गावचे होते. ना मुंबईच्या संघाला त्यांचे नाव ठाऊक, ना चेन्नईच्या. शास्त्रकार ज्याला राग आणि द्वेष म्हणतात ती जोडी कशी जन्मते, याचे याहून करुण उदाहरण सापडणार नाही. राग आधी येतो, ‘हा माझा’ असे म्हणत. त्याच्या सावलीत द्वेष उभाच असतो.

आता बैलगाड्याकडे वळू. हा विषय अधिक नाजूक, कारण येथे शेजाऱ्याचे कुलदैवत आणि शेजाऱ्याची माती यांचा संबंध आहे. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या तालुक्यांत गावोगावच्या यात्रांना बैलगाडा जोडलेला आहे. निमगावचा खंडोबा, थापलिंगचा खंडोबा ही नावे या भागात कोणास सांगावी लागत नाहीत. चढाच्या घाटात एकेक बारी सुटते, पुढे घोडी धावते, मागून बैल, आणि सेकंदांच्या हिशेबाने घाटाचा राजा ठरतो. ज्याच्या बैलांनी बारी मारली त्या शेतकऱ्याचा चेहरा पाहिला तर त्याला बैलाचा शत्रू कोणी म्हणणार नाही. पोटच्या मुलाला मिळणार नाही असा खुराक तो बैलाला घालतो. बैल गेला तर त्याचा दशक्रियाविधी करणारी घरे या भागात आहेत. शर्यतीमुळे खिलार जात टिकली, नाहीतर ट्रॅक्टर आल्यावर खोंड थेट कसायाकडे गेले असते, हा त्याचा युक्तिवादही झटकून टाकण्याजोगा नाही. अहिंसा मानणाऱ्यांनी तर तो प्रथम ऐकला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्राने कायदा केला, पण उच्च न्यायालयाने शर्यतींना स्थगिती दिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि साडेसात वर्षांची ही साडेसाती संपली म्हणून घाटांवर भंडारा उधळला गेला. मे २०२२ मध्ये चिखली येथे झालेल्या शर्यतीत बक्षिसे काय होती? जेसीबी यंत्र, बोलेरो गाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकली. ज्या यंत्रांनी बैलाला शेतातून बाहेर काढले तीच यंत्रे बैलाच्या धावण्याचे बक्षीस व्हावीत, यावर अधिक भाष्य नको. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले. महाराष्ट्राच्या कायद्यात क्रूरतेला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास आहे, काठी, चाबूक, विजेचा झटका यांना नियमांनी मनाई आहे.

पुष्कळांना वाटते की येथे प्रश्न मिटला. परंतु न्यायालयापुढचा प्रश्न होता, ही गोष्ट कायद्याने करता येते का. श्रावकापुढचा प्रश्न निराळा आहे. त्याने तेथे टाळी वाजवावी का, वर्गणी द्यावी का, फलकावर आपल्या दुकानाचे नाव झळकू द्यावे का? अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात दिले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि खाणेपिणे रोखणे. ही यादी मुनींसाठी नाही. ज्याच्या दारात जनावर आहे अशा गृहस्थासाठी केलेली आहे. दीड हजार वर्षांहून जुनी ही यादी घेऊन कोणीही घाटावर उभे राहावे. बैल नियमाप्रमाणे, विनाकाठी, आपल्या बळाच्या आत धावत असेल तर यादी गप्प राहील. शेपटी पिरगळली जात असेल, पिराणीचा खिळा टोचला जात असेल, तर ती बोलेल. परंपरा किती जुनी, गर्दी किती लाखांची, बक्षीस कितीचे, असे रकानेच त्या यादीत नाहीत.

‘पण मारणारा दुसराच असतो, प्रेक्षक नुसता पाहतो,’ असे कोणी म्हणेल. येथे जैन शास्त्र मोठे अवघड आहे. कर्मबंधाच्या कारणांची गणना करताना शास्त्रकारांनी १०८ प्रकार सांगितले. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदित हे तीन. आणि चार कषाय. यांचा गुणाकार १०८. जपमाळेच्या मण्यांचा संबंध पुष्कळ जण याच आकड्याशी जोडतात. त्यांतील ३६ प्रकार केवळ अनुमोदनाचे आहेत. स्वतः केले नाही, करविले नाही, फक्त ‘वा!’ म्हटले. हिशेबाच्या वहीत जसा जामीनदाराचाही रकाना असतो, तसा येथे टाळीचा रकाना आहे. हे लक्षात घेतले तर प्रेक्षक हा निरुपद्रवी प्राणी उरत नाही, कोल्हापूरजवळच्या त्या गावातही नाही आणि घाटावरही नाही.

पुणे-नाशिक रस्त्याने चाकणच्या घाटांकडे जाताना वाटेत भोसरीला पांजरपोळ लागते. घाटाच्या राजाचे नाव पंचक्रोशीतील पोरे घोकतात. तो बैल दहा वर्षांनी कोठे असेल, हे विचारणारा चाहता क्वचित भेटतो. शर्यतीचे आयोजक आणि अहिंसावादी यांनी एकमेकांना नोटिसा पाठविण्यात जी वर्षे घालविली, त्यांतील एखादे वर्ष म्हाताऱ्या बैलांच्या चाऱ्याची सोय करण्यात दोघांनी मिळून घालविले असते, तर बैलावर खरे प्रेम कोणाचे, हे सिद्ध करण्यास वकील लागले नसते.

लोकपरंपरा म्हटली की सगळ्याच अशा पेचात टाकणाऱ्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. तुकोबारायांची पालखी देहू सोडून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी अनेक जैन दुकानदार चहा, पाणी, औषधे घेऊन उभे असतात. तत्त्वज्ञान भिन्न आहे, देवाची कल्पना भिन्न आहे. पण गळ्यात तुळशीची माळ घातलेला मनुष्य मांस-मद्य सोडतो आणि समोरच्या अनोळखी माणसाच्या पायावर डोके ठेवतो, हे दिसते. वारीत दुसरा संघ नाही, म्हणून कोणी हरत नाही. जैनाने पंढरीचा वारकरी व्हावे असे येथे कोणी सुचवीत नाही. गुण ओळखण्यासाठी पंथ बदलावा लागत नाही. सोमनाथाच्या मंदिरात कुमारपाल राजासमवेत उभ्या असलेल्या हेमचंद्राचार्यांविषयी प्रबंधांत सांगितले आहे की, ज्याचे रागादी दोष क्षय पावले आहेत त्याला, तो ब्रह्मा असो, विष्णू असो, हर असो वा जिन असो, नमस्कार असो, अशा आशयाची स्तुती त्यांनी तेथे केली.

मग सज्जनहो, शेवटचा धागा स्वतःच्या ताग्यातून ओढावा लागेल. दुसऱ्यांच्या झेंड्यांविषयी बोलणे सोपे. या सुवर्णमहोत्सवाच्या तयारीतही मिरवणुकीत पुढे कोण, पाटीवर कोणाचे नाव वर, स्मरणिकेत कोणाचा फोटो आधी, यावर थोडीफार चर्चा झालीच असणार. कोणत्या ट्रस्टमध्ये ती होत नाही? ते सोडून देऊ. वाशीम जिल्ह्यातील शिरपूरचे उदाहरण मात्र सोडता येत नाही.

शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची प्राचीन प्रतिमा आहे. जमिनीला न टेकता ती अधांतरी राहते, अशी श्रद्धा, त्यावरून हे नाव. प्रतिमा दिगंबर की श्वेतांबर, तिला कटिसूत्र आहे की नाही, तिला लेप कोणी करावा, कोणी करू नये, या प्रश्नांवर दोन्ही संप्रदायांत वाद झाला. १९०५ साली पूजेच्या वेळा वाटून घेतल्या गेल्या. तरी वाद वाढला आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी मंदिराला कुलूप लागले. ते चार दशके राहिले. ज्यांनी रागद्वेष जिंकले म्हणून त्यांना जिन म्हणतात, त्यांच्या दाराला रागद्वेषाने कुलूप लावले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये दार उघडले, आणि काही दिवसांतच त्याच आवारात दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांवर धावून गेले. पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला. एका बाजूला समंतभद्रांचे अनुयायी, दुसऱ्या बाजूला हरिभद्रांचे. आणि आकाशातील गमनाने कोणी महान ठरत नाही, हे पहिल्याने सांगून ठेवलेले, पक्षपात नाही आणि द्वेष नाही, हे दुसऱ्याने.

कुलूप होते त्या वर्षांत दर्शनासाठी येणारे यात्रेकरू परत जात नसत. दाराला एक लहानसा झरोका होता. खाली वाकून, एक डोळा मिटून, आतल्या अंधारात पार्श्वप्रभूंचे मुख शोधावे लागे. पुण्याहून, मुंबईहून, राजस्थानहून, कर्नाटकातून आलेले लोक एकापाठोपाठ वाकत. श्वेतांबरांसाठी वेगळा आणि दिगंबरांसाठी वेगळा, असे दोन झरोके तेथे नव्हते.